माझ्या कॅसेटवरचं तुमचं भजन

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी रडलो नाही. शेजारी म्हणाले, पोरगा मोठा धीराचा. धीर कसला, सुटल्यासारखं वाटलं होतं.

आपल्या भिलाईच्या मराठी मंडळाचा गणपती आठवतो? मी कॉलेजात, पावर हाउसच्या बाजारातून भाड्याने आणलेला कीबोर्ड, आणि तुमच्याच भजनाच्या चालीत मी जॅझचे सूर मिसळतोय. डोक्यातलं पहिल्यांदाच बोटांत उतरतंय. तेवढ्यात तुम्ही, स्टील प्लांटमधले साहेब आणि भजनी मंडळाचे पेटीवाले, स्टेजवर चढता आणि माइक ओढून घेता. "माफ करजा मंडळी. पोट्टं अजून शिकून राहिलं. कुठी थांबाचं, त्याले समजत नाही." सगळा मांडव हसला. आईने मान खाली घातली. घरी नेऊन बडवलं असतंत तरी परवडलं असतं.

पुढे मुंबईत माझा स्वतःचा बँड झाला, फ्यूजनची पहिली कॅसेट निघाली. मोठ्या हौसेने ती मी भिलाईला पाठवली. दिवाळीला आलो, टेपवर लावली, तर तिच्यात तुमचं भजन! कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून मागच्या बारीक पट्ट्या तोडून खाचा ठेवलेल्या असतात. वरून रेकॉर्ड करता यावं म्हणून त्यांवर तुम्ही चिकटपट्टी लावली होती, अगदी टापटिपीने. आई चाचरत म्हणाली, "कोरी भेटली नाही, म्हणून तुहीच घेतली त्यायनं." तुम्ही पेपरातून डोकंही वर काढलं नाहीत. "तसंबी काय होतं तिच्यात?"

आता माझ्याकडे लांबलांबची मुलं शिकायला येतात. त्यांना मी ती कॅसेट ऐकवतो. दुसऱ्या कडव्याला तुमची पेटी मागे पडते, टाळकरी पुढे निघून जातात आणि तुम्ही धापा टाकत त्यांना गाठता. "पेटीवर कोण, सर?" "होता एक हौशी." मुलं खोखो हसतात. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण तुमची नक्कल करून दाखवता दाखवता ते मागे रेंगाळणं माझ्याच बोटांत बसलं. मग कार्यक्रमातही यायला लागलं. आज लोक त्यालाच माझी शैली म्हणतात, त्यावर लेख लिहितात, मुलं तेवढाच तुकडा दिवसभर घोटतात. हे कुणाकडून घेतलंत, असं विचारलं की मी परदेशातल्या कुठल्यातरी वादकाचं नाव ठोकून देतो. हे पत्र तुम्हाला पोचण्यासारखं असतं, तर एवढं मात्र मी लिहिलं नसतं.