तीन नावांचा एक माणूस

४ ऑगस्ट
जेवताना बाबांनी परत विचारलं, "तू जिचा अभ्यास करतेस, त्या संस्थेचा अध्यक्ष कोण?" कोणीच नाही. ऑफिस नाही, सेक्रेटरी नाही. दृष्टिहीनांसाठी बोलकी पुस्तकं करणारे ठिकठिकाणचे लोक. ठराव ऑनलाइन, मतं ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून कोणालाच बदलता न येणाऱ्या डिजिटल नोंदवहीत, निकाल लागला की आपोआप लागू. बाबांचं आयुष्य बरखेड्यात, कारखान्याच्या युनियनमध्ये गेलेलं. म्हणाले, "मग भांडायचं कोणाशी?"
पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

७ ऑगस्ट
एका सभासदाची मुलाखत. गप्पिष्ट. शेवटी म्हणाला, "रेकॉर्डिंग बंद कीजिए, एक बात बताता हूँ." ज्यांना मी तीन वेगळे सभासद समजत होते ते तिन्ही हाच. तिन्ही नावांनी मत देतो. अगदी मजेत सांगितलं. ओळख कुठेही उघड करणार नाही असं मी सगळ्यांना लिहून दिलंय. माझ्यापुरतं याचं नाव 'तीननावे'.

१३ ऑगस्ट
सुमेधला काढण्याचा ठराव आलाय. सुमेध मंडीदीपला राहतो, स्वतः दृष्टिहीन, आलेली रेकॉर्डिंगं ऐकून पास-नापास करतो. आरोप असा की ओळखीच्यांचीच पास करतो. मांडणारं नाव त्या तिघांतलं एक. अनुमोदन दुसऱ्याचं.


१४ ऑगस्ट
माझ्या मार्गदर्शक सरांना नावं न घेता सांगितलं. सर म्हणाले, "शब्द दिलायस. मोडलास तर पुढे कोणी आपल्याशी बोलणार नाही. विद्यापीठाच्या नीतिसमितीला लिही." लिहिलं. बैठक पुढच्या महिन्यात. मतदान परवा संपतंय.
तीननावेला फोन केला. तुम्हीच सांगून टाका म्हटलं. "मॅडम, नियम में कहाँ लिखा है कि एक आदमी एक ही नाम रखे?"
नाही लिहिलेलं. नियम मी पाठ केलेत.

१५ ऑगस्ट
मिसरोदहून बसने मंडीदीप. सुमेधची आई मूळची अमरावतीची, पोहे केले होते. त्याने एक नापास केलेलं रेकॉर्डिंग लावलं. "ऐका ताई. ही बाई मधली पानंच सोडून देते. पोरं याच्यावर परीक्षेला बसतात. पास कसं करू?" मग म्हणाला, "तुम्ही तर सगळ्यांशी बोलल्या. कोण आहे हे लोकं?"
मी म्हटलं, मला सांगता येत नाही.
"माहीत नाही, का सांगता येत नाही?"
मी पोह्यांची बशी खाली ठेवली.
"म्हणजे माहीत आहे." आवाज चढवला नाही. आईला म्हणाला, ताईंना पाणी दे.


१६ ऑगस्ट
ठराव मंजूर. दोन मतांनी. निम्म्याहून जास्त लोकांनी मतच दिलं नाही. त्याच क्षणी सुमेधचा प्रवेश बंद. कोणी केला म्हणावं तर कोणीच नाही, निकालाने केला.
बाबा म्हणाले, "अपील?" नवा ठराव आणावा लागेल. तो फक्त सभासदाला मांडता येतो. सुमेध आता सभासद नाही. मी कधीच नव्हते, म्हणूनच तर मला अभ्यासाची परवानगी मिळाली.

२१ ऑगस्ट
पानं सोडणाऱ्या बाईचं पुस्तक पास झालंय. उतरवून घेणाऱ्यांचा आकडा रोज वाढतोय. मी तो टिपून ठेवते. डेटा म्हणून.
सर खूश आहेत. म्हणतात, प्रबंधाचं हे प्रकरण उत्तम होईल.

२६ ऑगस्ट
सुमेधचा फोन. नेहमीसारखाच बोलला, आईची तब्येत, पाऊस. मग म्हणाला, "ताई, मी आईच्या नावाने परत सभासद होऊ का? तिला काय माहीत पडते. नियमात बसते ना? तुम्हाला नियम माहीत आहेत."
बसतं.
फोन कानाला धरून मी नियमांचं पान उघडलं.
"हॅलो ताई, ऐकू येते ना?"
ऐकू येत होतं.