अर्धा गुडघा आणि वरची खोली

दि. १४, मंगळवार. सकाळी टाके काढले. दुपारी झोप आली नाही. चहा उतू गेला.

तीर्थस्वरूप ताईंस,

साष्टांग नमस्कार (एक गुडघा वगळून). तुमची शुगर कशी आहे? माझी काळजी नसावी.

गुडघ्यात तीन कप्पे असतात म्हणे. माझा आतल्या बाजूचा तेवढा झिजला होता, म्हणून डॉक्टरांनी तेवढाच बदलला, बाकीचा माझाच ठेवला. हे शेजारच्या वकिलांना पटत नाही. "अर्धाच? अहो, एकदा उघडलाच होता तर पूर्ण उरकून घ्यायचा!" असे रोज ऐकवून जातात, जणू मी भिंत अर्धीच रंगवून घेतली. (इथे उठून दारापर्यंत जाऊन आलो. फार वेळ बसायचे नाही असे सांगितले आहे, आणि तसेही हल्ली एका जागी बसवत नाही.)

व्यायाम शिकवणाऱ्या बाई कडक आहेत. जिन्याचा त्यांचा नियम असा, की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. आज त्या गेल्यावर मी कठडा धरून वर गेलो, तुमच्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या, खोलीत. ती गेल्यापासून गेलो नव्हतो. गुडघ्याचे कारण होते. चढलो व्यवस्थित. उतरताना अडकलो. ऑपरेशनचा पाय मुळीच दुखत नव्हता, आणि इतके दिवस सगळा भार घेतलेला चांगला पाय ठणकत होता. मग दुखरा कोणता धरायचा? एक पुढे केला, मागे घेतला; दुसरा केला, तोही घेतला. तिच्या पलंगावर बसलो, उठलो, खिडकी उघडली, पुन्हा बसलो. बाईंना विचारावे तर फोन खाली. शेवटी खिडकीतून वकिलांना हाक मारली. "तरी मी सांगत होतो, पूर्ण करून घ्या!" असे रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत ते वर आले आणि "ऑपरेशनचा आधी हो, ऑपरेशनचा!" करत त्यांनी मला उतरवले.

तेव्हा सगळे ठीक आहे. तुम्ही इतक्या लांब येण्याची तसदी घेऊ नका.

आपला नम्र

ता. क. तिचे कपाट आवरायला येऊ का, असे तुम्ही मागे विचारले होते. मी म्हणालो होतो, गुडघा झाल्यावर बघू. गुडघा झाला.

ता. क. २. तर याच. मला एकट्याला ते उघडवत नाही. मात्र पूर्ण रिकामे करू नका. थोडे राहू दे. वकील काय म्हणायचे ते म्हणोत.

ता. क. ३. वरची खिडकी उघडीच राहिली. पाकीट चिकटवण्याआधी लावून येतो. चांगला पाय आधी.