मागचा गिअर नसलेली गाडी

कर्जत, मंगळवार संध्याकाळ, जानेवारी १९७३

आज गाडी चालली! इतकी वर्षं भंगारातून जुळवलेली माझी गाडी स्वतःच्या इंजिनावर अंगणातून रस्त्यावर आली. आता कशेळ्याच्या सभेला एसटीची वाट बघणं नाही. पण गाडी मागे घ्यायचा, मागचा गिअर अजून बसवलेला नाही, हे आनंदात विसरलोच. आत ढकलणार कोण? एकजुटीवर तासन्‌तास बोलतो मी, आणि हक्काने हाक मारावी असं एक नाव आठवेना.

आवाज ऐकून शेजारचा गणपत आला. "भाऊ, सभेला एवढी माणसं जमवता, अन् धक्का मारायला कोणी नाय?"

हसलो.

दोघांनी गाडी आत घेतली. "बस रं, चहा टाकतो."

"नको भाऊ, घरी वाट बघतात."

तो गेल्यावर इंजिन पुन्हा चालू केलं. उगाच. बराच वेळ बंद केलं नाही.