कोंबडी अंड्यांवर बसली होती

अहो चिमीचे पप्पा,

तुमच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. एवढा राग आहे. पण उद्या शेणगॅसची टाकी परत साफ करायचीय आणि आत तुमचा भाऊ उतरणार आहे. मग कुणाला सांगू?

"खाली गाळ बसलाय. स्वल्प काम, सरी?" मालक त्यांच्या कानडीत म्हणाले, थोडंसंच काम आहे, ठीक ना. तुम्हालाही असंच म्हणाले होते ना?

शंकर भाऊजी तुमच्याच जागी लागलेत. त्यांना म्हटलं, नका उतरू. तर म्हणतात, "वैनी, कालपासून झाकण उघडंय. गेला असंल गॅस." अगदी तुमच्यासारखंच! आणि नाही उतरले तर काम गेलं, ही खोली गेली. चिमीला घेऊन या बेंगळुरात कुठं जाऊ मी?

मामंजींनी गावाकडं काय शिकवलं होतं तुम्हाला? टाकीत दिवा न्यायचा नाही, भडका उडतो. टोपलीत कोंबडी घालून दोरानं खाली सोडायची. ती धड वर आली तरच माणसानं उतरायचं. तुम्हीच तर मला सांगितलं होतं!

मग त्या दिवशी का नाही सोडली? टोपली घेऊन मी आले होते की. तुम्ही म्हणालात, "अगं, अंड्यांवर बसलीय ती. कशाला उठवतीस?"

"मग शेजारची मागून आणते. थांबा जरा."

"मी काय कोंबडी हाय व्हय पटकन मरायला?" म्हणालात आणि हसत उतरलात. खोऱ्याचा आवाज आला. मग आलाच नाही.

आता व्हाइटफील्डचे ऑफिसवाले गाड्या घेऊन बघायला येतात. शेणातनं वीज! मालक गोठा दाखवतात, मशीन दाखवतात. "धूर नाही, काही नाही," म्हणतात. तुमचं नाव कुणी काढत नाही. माझ्या शेगडीलाही तोच गॅस आहे. काडी ओढायच्या आधी चिमीला बाहेर पाठवते. चिमी विचारते, "पप्पा अजून टाकीतच हायत?" काय सांगू हो तिला?

ती कोंबडी परत अंड्यांवर बसलीय.

उद्या तिला उचलणार. टोचली तरी. मालकांच्या डोळ्यांदेखत खाली सोडणार. ती निपचित पडली तर भाऊजींना पुढं घालून, चिमीला कडेवर घेऊन निघणार. खोली गेली तर जाऊ दे. तुमच्या भावाला मी आत उतरू देणार नाही, शब्द देते.

तुम्हाला त्या कोंबडीची दया आली. आमची नाही आली.

तुमच्यावर रागावलेली,
रेणू