डावीकडचा आवाज

३ मार्च, सोमवार

आवाज गेला! लॅपटॉपचा. सकाळी कामावर निघताना त्याने विचारलं, अपडेट करू का? मी एक पाय चपलेत घालत म्हटलं, कर बाबा. संध्याकाळी येऊन हेडफोन लावला तर सगळं ठार मुकं. गाण्याचं सॉफ्टवेअर उघडतं, पट्ट्या दिसतात, रेघ इकडून तिकडे धावते — आवाज शून्य. वर लाल ओळ : ऑडिओ ड्रायव्हर सुरू होऊ शकला नाही. म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्रॅमच बसलाय.

आणि हे आजच व्हायचं होतं! कालच भोंग्याचं गाणं आलंय.

हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत होतो. ती न्हाणीघरात गायला लागली की वरचा मजला जागा व्हायचा. रेक्टरबाईंनीच नाव ठेवलं, भोंगा. तेव्हापासून आम्ही दोघी मिळून गातो. नोकरीसाठी ती लांब गेली तरी गाणं सुटलं नाही — ती तिकडे तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठवते, मी इकडे माझा घालते आणि दोन्ही जुळवते. माझा आवाज डावीकडे, तिचा उजवीकडे. हेडफोन लावला की वाटावं, शेजारी शेजारी उभ्या राहून गातोय.

या वेळी मात्र कित्येक महिन्यांनी पाठवलंय. मीच मागे लागले म्हणून. सोबत एक ओळ — 'जमलं तर कर. नाहीतर राहू दे.'

अशी कधी बोलायची नाही ती.

४ मार्च, मंगळवार

हे सॉफ्टवेअर कोणा एका कंपनीचं नाही. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं. म्हणजे भांडायला मालकच नाही! एक फोरम आहे, तिथे आपलं रडगाणं लिहायचं आणि कोणाला दया येते का याची वाट बघायची. मी लिहिलं. कामावरून येईपर्यंत एकाचं उत्तर आलेलं. नावाशेजारी खारीचा फोटो आहे, म्हणून मी तिला खार म्हणते. बाई आहे की बुवा, देव जाणे.

खार म्हणाली, केबल काढून परत लावलीत का? काढली. लावली. फुंकर मारली. हात जोडायचेच काय ते बाकी होते.

मुकं ते मुकंच.

५ मार्च, बुधवार

आज दिवसभर कोणी माझ्याशी बोललं नाही. नेमकं सांगायचं तर जेवायच्या सुट्टीपर्यंत एकही शब्द नाही.

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. समोर प्लास्टरच्या जबड्यांची रांग, हातात घासायचं मशीन, आणि डावीकडे पॉलिशचं मोठं चाक दिवसभर किंचाळत असतं. त्याच्या पलीकडे मेणाचे साचे करणारी बसते. पूर्वी ती आणि मी एकत्र डबा खायचो. हल्ली ती पॉलिशवाल्याबरोबर बसते. आज जिन्यात तिचे शब्द कानावर पडले — 'जाऊ दे, तिला कुठे बोलायचं असतं आपल्याशी!'

मला? मी काय केलं?

भोंग्याला मी सांगायचे, माझं आयुष्य लोकांच्या हसण्यात चाललंय. दर वेळी खिदळायची. हा विनोद आता कोणाला सांगू — जबड्यांना?

७ मार्च, शुक्रवार

खारीने शोधून काढलं! अपडेटबरोबर आलेला दुसराच एक प्रोग्रॅम साउंड कार्ड अडवून बसतो. त्याने सोडलं तर आमच्या गाण्याच्या सॉफ्टवेअरला मिळणार. बसच्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा तसं. खारीने सांगितलेल्या ओळी एकेक करून टाइप केल्या. चुकले. पुन्हा केल्या. आणि आवाज आला —

आला, पण चरचरत. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. आगीतून फुफाट्यात!

८ मार्च, शनिवार

बफर. म्हणजे आवाजाची हौदी, खार म्हणते. लहान ठेवली तर मशीनला भरायला वेळ पुरत नाही, मध्येच कोरडी पडते, म्हणून चरचर. मोठी केली तर आवाज उशिरा पोचतो. मी मोठी केली. चरचर थांबली, पण मी 'सा' लावला की माझा 'सा' मलाच मागून ऐकू येऊ लागला. जणू खोलीत आणखी कोणीतरी आहे आणि मला चिडवतंय.

खरं सांगू? थोडा वेळ तसंच गात बसले. बरं वाटलं. सोबत होती.

मग हौदी मधल्या मापाची केली. आता ठीक.

९ मार्च, रविवार

ठीक कसलं! खार म्हणाली, शेवटी स्पीकरची चाचणी घ्या. एक बाई बोलते — आधी 'डावा', मग 'उजवा'. उजवा म्हणताना खणखणीत. डावा म्हणताना जणू उशीत तोंड खुपसून बोलतेय. दोन्ही बाजू अशा वेगवेगळ्या मी आजवर कधी तपासल्याच नव्हत्या. म्हणजे अपडेटने डावी बाजू खाल्ली! हेडफोन बदलून पाहिला, जुना कपाटातून काढला. तेच. म्हणजे हेडफोनचा दोष नाही. ड्रायव्हरच.

आईचा फोन. गाणं कुठवर आलं म्हणाली. मग हळूच — 'तुमचं दोघींचं काही बिनसलंय का गं?'

'नाही गं. तिला वेळ नसतो.'

'वेळ काय, काढला की निघतो,' आई म्हणाली.

१३ मार्च, गुरुवार

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. जुना टाकला. नवा टाकला. डावी बाजू मेलेलीच. आता थांबायचं नाही, भोंगा वाट बघत असेल. माझा आवाज रेकॉर्ड केला. दोन्ही आवाज एकत्र लावले तर माझा दबलेला. माझा आवाज मोठा करायची पट्टी वर सरकवली. अजून थोडी. अजून. आता दोघी सारख्या वाटतात.

दुसऱ्या कडव्यात ती वर जाते आणि मी खाली थांबते, ती जागा! आमचं इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं. पाठवून दिलं.

१४ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही.

१५ मार्च, शनिवार

उत्तर नाही. तिने ऐकलंय, तेवढं दिसतं.

१६ मार्च, रविवार

आलं. तसंच्या तसं उतरवते.

'ऐकलं. ठीक आहे. यापुढे तू एकटीच गात जा. तसंही तुला तेच छान जमतं.'

दहादा वाचलं. फोन केला, उचलला नाही. भांडी घासायला घेतली, एकच भांडं घासत राहिले.

१७ मार्च, सोमवार

लॅबमध्ये एक कवळी हातातून पडली. पुढचे दात तुटले. मालक काही बोलले नाहीत. नुसते बघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मला एकच सुचतंय. त्या मेल्या ड्रायव्हरने गाणं बिघडवून तिच्यापर्यंत पोचवलं असणार. ते तिला सिद्ध करून दाखवायचं. खारीला फाइल पाठवली. म्हटलं, हा बघा पुरावा.

१८ मार्च, मंगळवार

खार काय म्हणते तर — 'तुमच्या फाइलमध्ये डावी बाजू उजवीच्या जवळजवळ दुप्पट मोठी आहे. उजवीकडचा आवाज तिच्याखाली बुडून जातो. ड्रायव्हरमध्ये मला काही दोष दिसत नाही. एकदा हेडफोन उलटा घालून ऐका — डावा उजव्या कानावर, उजवा डाव्या.'

दुप्पट! मी कान देऊन जुळवलंय ते! इतकी वर्षं मीच जुळवते! लिहून टाकलं, 'मला काय ऐकू येतं ते मला कळतं. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.' (असं नाही लिहिलं. पण त्याच अर्थाचं.)

हेडफोन उलटा घातला नाही.

घालायला कितीसा वेळ लागतो? नाही घातला.

२० मार्च, गुरुवार

खारीचं पुन्हा उत्तर. रागावलेली नाही. 'घरात दुसरं कोणी असेल तर त्यांना ऐकवा. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय.'

घरात दुसरं कोणी. टेबल आहे. पंखा आहे.

२२ मार्च, शनिवार

न्हाणीघराचा नळ आठवडाभर गळतोय म्हणून आज प्लंबर आला. पन्नाशीचा, खांद्यावर फडकं, सारखा पुटपुटणारा. नळाशीच बोलत होता — 'असं रुसून कसं चालेल भाऊ?' नळ बसवून झाला, पाणी द्यायला गेले आणि तोंडातून निघूनच गेलं, 'दादा, जरा एक ऐकाल का?'

त्याने हात फडक्याला पुसले. हेडफोन दोन बोटांनी धरून कानाला लावला, फुटेल की काय अशा बेताने. मी ती चाचणीची बाई लावली.

'डावा म्हणतेय,' तो म्हणाला. 'आता उजवा म्हणतेय.'

'कुठला मोठा वाटतो?'

'दोन्ही सारखेच की.'

'नीट ऐका ना. डावा बारीक नाही येत?'

'नाही ताई. चांगला कानाशी येऊन बोलतेय.'

मग गाणं लावलं. त्याने डोळे मिटले. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी. शेवटी हेडफोन काढून म्हणाला, 'छान आहे. ही गाणारी तुम्हीच ना? आवाज ओळखला.' आणि मग, 'मागे आणखी कोणीतरी गातंय वाटतं. लांबून.'

लांबून.

तो गेला. मी टेबलाशी बसले. हेडफोन उलटा घातला.

चाचणीची बाई पुन्हा लावली. तिचा 'डावा' आता उजव्या कानात खणखणीत. आणि 'उजवा' — उशीत.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. बिचारा ड्रायव्हर.

२३ मार्च, रविवार

घड्याळ डाव्या कानाशी धरलं. काही नाही. उजव्या कानाशी धरलं. टिकटिक. पुन्हा डाव्या. एखाद्या वेळी येईल म्हणून पुन्हा धरलं.

आईला सांगितलं नाही. तिचा फोन आला तेव्हा गाण्याचं काय झालं विचारलं तर म्हटलं, झालं.

२५ मार्च, मंगळवार

कानाच्या डॉक्टरीणबाई. एका काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी बोट सारखं चालत होतं. डाव्याच्या वेळी मी वाट बघत बसले. काचेपलीकडे त्या काहीतरी फिरवत होत्या, मान खाली. मला वाटलं, अजून सुरूच केलं नसेल.

सुरू केलेलं होतं.

काय काम करता, विचारलं. मशीन कोणत्या बाजूला असतं? त्या म्हणाल्या, त्याने असेल, आणखी कशाने असेल, तपासण्या करू. पण गेलेलं परत यायचं नाही. उजवा कान चांगला आहे, तो जपा. डाव्यासाठी यंत्र मिळेल.

'हे एका दिवसात झालेलं नाही. दोन-तीन वर्षं हळूहळू कमी होत आलंय. कोणी तुम्हाला बोललं नाही का — हाक मारली तर ओ देत नाहीस, टीव्ही मोठा लावतेस? घरचे सहसा आधी ओळखतात.'

'घरी मी एकटीच असते.'

'अच्छा,' त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर रस्ता ओलांडायला उभी राहिले. गाड्या डावीकडून येत होत्या. खूप वेळ उभी होते.

२६ मार्च, बुधवार

खारीला लिहिलं. तुमचं बरोबर होतं, माफ करा, कानच बिघडलाय. तिने लिहिलं, 'मला तीच भीती होती. म्हणूनच उलटा घालायला सांगितलं. वाईट वाटलं.' खाली प्रश्न सुटल्याची हिरवी खूण करायची असते फोरमवर. मी केली. सुटला म्हणे.

भोंग्याला काय सांगू? सांगू तरी का? तिने तर संपवलंय.

२७ मार्च, गुरुवार

सांगितलं. एकच ओळ — 'गाणं मीच बिघडवलं, नकळत. माझा डावा कान गेलाय.'

२८ मार्च, शुक्रवार

मी लॅबच्या जिन्यात होते, तेव्हा तिचा फोन आला. 'कधीपासून?'

'दोन-तीन वर्षं. मलाच कळलं नव्हतं. माझा आवाज मला ऐकू येईना, म्हणून मी वाढवत गेले.'

ती रडायला लागली. भोंगा! हॉस्टेलमध्ये पायाचं हाड मोडलं तेव्हाही नव्हती रडली.

'आणि मला वाटलं, तुला मी नको झालेय,' ती म्हणाली. 'दर गाण्यात तू मोठी मोठी होत गेलीस आणि मला मागे मागे ढकललंस. म्हणून थांबले गं मी. दुसरं काही नव्हतं. हॅलो? ऐकू येतंय ना तुला?'

'येतंय,' मी म्हटलं. 'बोल.'