क्लिओमेदॉन हे नाव

सामोस बंदर

आईस सोसियासचा नमस्कार.

मी बरा आहे. हातांचे फोड सुकले. जेवणात कांदा आणि खारवलेला मासा रोज मिळतो. तुझा गुडघा कसा आहे? यंदा ऑलिव्ह कुणी उतरवले?

तुझा निरोप पोचला. बुडणाऱ्यांना वाचवलं नाही म्हणून नगरसभेने आमच्या सेनापतींना, क्लिओमेदॉनना, विष पाजलं आणि आता पाणवठ्यावर बायका त्यांचं नाव ठेवलेल्या माझ्या बाळाला "बुडव्या" म्हणतात. तू म्हणतेस, "ज्याने तुझ्या भावाला समुद्रात सोडलं, त्याचं नाव माझ्या नातवाला नको."

आई, मी त्यांच्याच जहाजावर होतो. लढाई जिंकली आणि वादळ उठलं. फुटलेल्या जहाजांवरची माणसं फळ्यांना धरून ओरडत होती. क्लिओमेदॉन खाली आम्हा वल्हेकऱ्यांत उतरून म्हणाले, "वळवा रे! आपलीच पोरं आहेत ती."

"आणि आम्ही कुणाची?" मागून कुणीतरी म्हणालं.

कुणीच वल्हं उचललं नाही. त्यांनी एकट्यानेच एक ओढायला घेतलं, ते मोडलं. मग ते तिथेच बसून रडले.

आपल्या नगरातून आलेले खलाशी सांगतात, सभेत क्लिओमेदॉननी आमच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. "वादळ होतं," एवढंच म्हणाले.

आपला मिकॉन त्या पाण्यात आहे, हे मला ठाऊक होतं. तरी माझे हात मांडीवरच राहिले.

बाळाचं नाव तेच राहू दे. शेजारणींना काय सांगायचं, ते तू ठरव.

तुझा उरलेला मुलगा,
सोसियास