एक्केचाळीस रिकाम्या जागा

सोमवार, ता. ९

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. माझे फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आपण दोघं बहीणभाऊ एकाच गोष्टीवर कायम पेटून उठलो: आपल्याला न विचारता आपल्या वतीने ठरवून टाकणारी माणसं! पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात परस्पर बदल्या झाल्या तेव्हा पत्रकं तू लिहिलीस, गेटवर मी बोललो. "आम्हाला विचारलंत का?" या एका प्रश्नावर पाचशे माणसं मी तासभर उन्हात उभी केली होती. त्याच माणसाचं हे पत्र आहे, हे ध्यानात ठेवून वाच.

आधी ऑफिसची बातमी. तुझा पार्सर, तो फाइली वाचणारा प्रोग्रॅम, अजून चालतो. तू नक्की करतेस काय, असं आईने एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "प्रत्येक पंपाची एक फाइल असते. टाकी किती उतरली की सुरू, किती भरली की बंद. ती वाचून, तपासून पंपाला सांगायचं." त्यावर आई, "म्हणजे दादाचंच काम. फक्त आधी वाचून मग बोलायचं."

त्यासाठी तू हट्टाने प्रोग्रॅमिंगची ती फंक्शनल भाषा निवडलीस. फाइलमधली नोंद सापडेल किंवा सापडणार नाही. न सापडल्यास काय करायचं हे लिहिल्याशिवाय तिचा कंपायलर, प्रोग्रॅम आधी तपासून घेणारा, पुढे सरकूच देत नाही. तू प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतंस: थांब, काय नाही ते सांग, माणसाला विचारू दे. तू ऑफिस सोडून गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. दर दोन दिवसांनी प्रोग्रॅम थांबायचा आणि माझा फोन वाजायचा. शेवटी वैतागून मी एक्केचाळीस ठिकाणी लिहिलं: नोंद नसेल तर नेहमीचा आकडा धर. सगळं गप्प झालं. मला ती शांतता आवडली.

गेल्या महिन्यात टेकडीवरच्या नव्या टाकीची फाइल आली. 'बंद' पातळीची ओळ लिहिताना दोन जागा डावीकडे सरकली आणि फाइलमधल्या त्या पंपाच्या भागातून बाहेर पडली. पार्सरला ती दिसली नाही. त्याने नेहमीचा आकडा धरला, साडेचार मीटर. टाकीच साडेतीन मीटरची! सकाळभर पाणी उतारावरून वाहिलं, खालचा साठा संपला, आणि पायथ्याच्या वस्तीला दोन दिवस नळ कोरडे. पंपावरचे काका म्हणाले, "रस्ता धुऊन दिलात साहेब, आता वाळत कुठे घालू?"

आठवडाभर बसून मी ते आकडे काढतो आहे. एक काढला की कंपायलर विचारतो, नोंद नसेल तर? काल तेविसाव्या ठिकाणी माझा हात थांबला. खरं सांगायचं तर पहिल्याच ठिकाणी थांबला होता. इकडचं तिकडचं लिहीत मी इथवर आलो.

तीन वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर, तू दुसऱ्या गावी नोकरीला निघालीस. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "चिमणीला विचार ना, मी तिच्याकडे राहायला गेले तर चालेल का? मी विचारलं तर तिला नाही म्हणता यायचं नाही."

मी तुला विचारलं नाही. दोन दिवसांनी आईला सांगितलं, "तिला जमणार नाही म्हणते." आणि बसस्टँडवर तू विचारलंस, "आई येईल का रे माझ्याकडे?" तेव्हा म्हणालो, "ती हे घर सोडायची नाही."

दोघींनी मानलं. मी बोलतो चांगलं ना!

बाबांची खोली रिकामी झाली होती, तुझी होणार होती. आईचीही झाली असती तर संध्याकाळी मी कुणाशी बोललो असतो? एवढंच कारण. याहून मोठं काही शोधलं, सापडलं नाही.

"आई येत नाही हे तू किती खुशीत सांगितलंस," असं तू शेवटच्या फोनवर म्हणालीस. खुशीतच सांगितलं होतं.

आई अजून दर पंधरवड्याला तुझ्या पलंगावरची चादर बदलते. रविवारी तुझा फोन आला की हवापाण्याचं बोलते, आणि बोलणं संपल्यावर फोन मांडीवर घेऊन तशीच बसून राहते. तूही तिकडे तशीच बसत असशील, असं मला वाटतं. पण बघ, हेही मी नुसतं धरूनच चाललो.

तिला हे सगळं सांगायला तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा हवापाण्याचंच बोललो.

माफी पत्रात मागणार नाही, समोर येऊन मागेन. आत्ता एकच मागणं आहे. येत्या रविवारी फोन लावशील तेव्हा दुसरं काही बोलायच्या आधी तिला विचार, "आई, माझ्याकडे येतेस राहायला?" मी त्या वेळी घरात नसेन. ती हो म्हणाली तर तिला गाडीत बसवून द्यायला मीच येईन, आणि हसत परतेन असं वचन मात्र देत नाही.

तू विचार. तुझ्या तोंडाने विचार.

तुम्हा दोघींच्या मध्ये उभा राहिलेला,
दादा